दुसऱ्याच्या रानातले प्रायश्चित्त

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)

आपल्या धर्मशास्त्रात प्रायश्चित्ताचा मोठा पसारा आहे. हातून पाप घडले तर इतके दिवस उपास, इतका जप, असे हिशेब त्यात दिलेले असतात. ज्याला उपास झेपत नाही त्याच्यासाठी पुढे पर्याय निघाला. उपासाऐवजी एक गाय दान द्यावी. आणि गाय नसेल तर? तर गायीची किंमत रोख द्यावी. या पर्यायाला 'प्रत्याम्नाय' असे भारदस्त नाव आहे आणि त्या रोख रकमेला 'निष्क्रय' म्हणतात. घरी पूजेला येणाऱ्या गुरुजींच्या तोंडून हा शब्द आपल्यापैकी काहींनी ऐकलाही असेल. गंमत अशी, की गोष्ट एकदा रोखीवर आली की प्रश्नच बदलतो. 'माझे चुकले काय?' हा प्रश्न मागे पडतो आणि 'गायीचा भाव काय?' हा पुढे येतो.

गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांत जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांनी असाच एक निष्क्रय शोधून काढला आहे. त्याला 'कार्बन ऑफसेट' म्हणतात. मराठीत कार्बनची भरपाई म्हणू या. कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळले की कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि पृथ्वीचे तापमान वाढते, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. हा वायू सोडणे थांबवता येत नसेल, किंवा थांबवायचे नसेल, तर कंपनी दुसरीकडे कुठे तरी पैसे देते. कधी झाडे लावण्यासाठी, कधी जंगल राखण्यासाठी, कधी पवनचक्क्या उभारण्यासाठी. तिथे जितका वायू वाचला, तितका आपल्या वहीत जमा धरायचा आणि नावे बाजूतून वजा करायचा. शास्त्राच्या दृष्टीने यात चूक नाही. चंद्रपूरला सोडलेला एक टन वायू आणि शिकागोला सोडलेला एक टन वायू शेवटी एकाच हवेत मिसळतात. म्हणून तो कुठेही वाचला तरी फायदा सारखाच.

खरा प्रश्न आहे तो निवडीचा. जगभर असे हजारो प्रकल्प असताना कंपनी त्यांतला नेमका कोणता निवडते? कशाच्या आधारावर निवडते? आणि त्या निवडीचे ओझे कोणावर पडते? या प्रश्नांची उत्तरे काळाबरोबर कशी बदलत गेली, ते आज पाहू.

गोष्ट सुरू होते १९८८ साली अमेरिकेत. तो उन्हाळा तिथे कडक होता, शेते करपली होती. २३ जूनला जेम्स हॅन्सन या शास्त्रज्ञाने सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली की तापमानवाढ सुरू झालेली आहे आणि तिच्यामागे माणसाने हवेत सोडलेले वायू आहेत. त्याच सुमारास अप्लाइड एनर्जी सर्व्हिसेस, थोडक्यात एईएस, नावाची कंपनी कनेक्टिकट राज्यात सुमारे १८० मेगावॉटचा कोळशावर चालणारा वीजप्रकल्प उभारत होती. कंपनीचे प्रमुख रॉजर सँट हे ऊर्जाबचतीच्या सरकारी कामातून उद्योगात आलेले गृहस्थ. आपला प्रकल्प चाळीस वर्षे चालला तर सुमारे दीड कोटी टन कार्बन हवेत जाईल, याची बोच त्यांच्या कंपनीतल्या लोकांना होती. कायद्याची सक्ती मात्र काहीही नव्हती. तेव्हा जगात असा कायदाच नव्हता.

झाडे कार्बन शोषून घेतात, तेव्हा झाडे लावावीत, असे ठरले. कल्पना अगदीच नवी नव्हती. फ्रीमन डायसन या पदार्थवैज्ञानिकाने १९७७ मध्येच एका शोधनिबंधात प्रचंड प्रमाणावर वृक्षलागवड करून हवेतला कार्बन आवरता येईल का, याचे गणित मांडले होते. पण झाडे लावायची कुठे? अमेरिकेत जमीन महाग आणि झाडांची वाढ सावकाश. उष्ण कटिबंधात जमीन स्वस्त, मजुरी स्वस्त आणि झाड झपाट्याने वाढणारे. एईएसने वॉशिंग्टनमधील वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या अभ्याससंस्थेला योग्य प्रकल्प शोधून द्यायला सांगितले. संस्थेने निवड केली ती मध्य अमेरिकेतील ग्वाटेमालाची. तिथे 'केअर' ही स्वयंसेवी संस्था आधीपासून शेतकऱ्यांत काम करत होती. दहा वर्षांत सुमारे चाळीस हजार लहान शेतकऱ्यांच्या मदतीने पाच कोटी वीस लाख झाडे लावायची, अशी योजना होती. एईएसने वीस लाख डॉलर दिले. बाकीचा भार केअर, अमेरिकी आणि ग्वाटेमालाचे सरकार वगैरेंनी उचलला. कंपनीच्या खिशातून गेलेली रक्कम त्या दीड कोटी टनांवर विभागली तर टनामागे पंधरा सेंटही पडत नाहीत.

एईएसने हे ढोंग म्हणून केले, असे मला वाटत नाही. सक्ती नसताना पदरचे पैसे घालणारी ती जवळपास पहिलीच वीजकंपनी. त्या योजनेतून डोंगरउतारावरच्या कित्येक शेतांची माती वाहून जायची थांबली, हेही खरे. पण या पहिल्याच प्रयोगात पुढच्या सगळ्या अडचणींचे बी होते. कंपनीला झाड हवे होते ते कार्बन कोंडून ठेवण्यासाठी. झाड जितकी वर्षे उभे राहील तितके चांगले. ग्वाटेमालाच्या शेतकऱ्याला झाड हवे होते ते जळणासाठी, वाशासाठी, बांधावरच्या आडोशासाठी. त्याने फांदी तोडून चुलीत घातली की कार्बन पुन्हा हवेत. म्हणजे एकाच झाडाचे दोन मालक आणि दोघांच्या अपेक्षा उलट्या. पुढे जेव्हा मोजदाद झाली तेव्हा बांधला गेलेला कार्बन ठरवलेल्या उद्दिष्टाच्या बराच खाली असल्याचे दिसले. आणि ज्या वीजप्रकल्पासाठी हा चाळीस वर्षांचा हिशेब मांडला होता, तो २०११ साली दिवाळखोरीत निघून बंद पडला. जेमतेम दोन दशके चालला. एकीकडे कंपनीचे आयुष्य, दुसरीकडे झाडाचे आयुष्य. दोन्ही कालगणना जुळणे किती कठीण, ते इथेच कळले.

नेदरलँड्सच्या वीजकंपन्यांनी १९९० साली हाच रस्ता धरला. 'फेस' नावाची संस्था काढून दीड लाख हेक्टरांवर जंगल उभारायचे त्यांनी ठरवले. ६०० मेगावॉटच्या एका कोळसा प्रकल्पाची ती भरपाई होती. निवडलेल्या जागांपैकी एक होती युगांडातील माउंट एल्गन. १९९३ मध्ये या डोंगराला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, आणि पुढच्या वर्षी तिथल्या वन्यजीव विभागाशी झाडे लावण्याचा करार झाला. कागदावर जागा नामी होती. सरकारी जमीन, मालकीचा वाद नाही, राखायला पहारेकरी हजर. पण त्या डोंगरावर बेनेट लोक पिढ्यान् पिढ्या राहत, गुरे चारत आले होते. उद्यानाची हद्द आखताना त्यांतल्या अनेकांना तिथल्या यंत्रणेने बाहेर काढले. ते न्यायालयात गेले आणि २००५ मध्ये त्यांच्या बाजूने निर्णय लागला. दरम्यान हद्दीवरची लावलेली झाडे तोडून लोकांनी तिथे पुन्हा शेती सुरू केली. नेदरलँड्समध्ये बसून निवड करणाऱ्याला 'वाद नसलेली जमीन' दिसत होती. आपल्याकडच्या अभयारण्यांच्या हद्दीवर राहणाऱ्यांना मात्र ही कहाणी परकी वाटू नये.

हे सारे चालले होते हौसेने आणि स्वेच्छेने. चित्र पालटले ते डिसेंबर १९९७ च्या क्योटो करारामुळे. औद्योगिक देशांनी वायूंचे प्रमाण किती कमी करायचे याचे आकडे तिथे पहिल्यांदा ठरले. वाटाघाटींत ब्राझीलने एक सूचना मांडली होती. जे श्रीमंत देश आपले उद्दिष्ट चुकवतील त्यांच्याकडून दंड घ्यावा आणि त्या पैशातून गरीब देशांत स्वच्छ तंत्रज्ञान आणावे. चर्चेच्या शेवटी या दंडाचा बाजार झाला. त्याचे नाव 'स्वच्छ विकास यंत्रणा'. भारत, चीन, ब्राझील अशा देशांत कोणी वायू वाचवणारा प्रकल्प उभारला तर त्याला टनामागे एक क्रेडिट मिळावे आणि ते श्रीमंत देशातल्या कंपनीने विकत घेऊन आपल्या उद्दिष्टात धरावे, अशी ही व्यवस्था. २००५ च्या फेब्रुवारीत करार अमलात आला. त्याच वर्षी युरोपने आपल्या कारखान्यांवर वायूची मर्यादा घातली आणि ही क्रेडिट वापरण्याची मुभाही दिली. आता कंपन्यांना कायद्याने गिऱ्हाईक बनवले होते.

कायद्याने गिऱ्हाईक झालेली कंपनी निवड कशी करते? जशी आपण मंडईत एकाच प्रतीचा कांदा घेताना करतो तशी. कागदावर सगळे टन सारखे, मग जो स्वस्त तो घ्यावा. आणि सर्वांत स्वस्त टन सापडले ते ना जंगलात, ना पवनचक्कीत. ते सापडले वातानुकूलन यंत्रांना लागणारा वायू बनवणाऱ्या रासायनिक कारखान्यांत.

एचसीएफसी-२२ हा थंडावा देणारा वायू तयार करताना एचएफसी-२३ नावाचा एक उपवायू निघतो. तो थोडाच निघतो, पण भारी उपद्रवी. त्या वेळच्या अधिकृत हिशेबाने त्याचा एक टन कार्बन डायऑक्साइडच्या ११,७०० टनांइतके तापमान वाढवतो. एक साधी भट्टी बसवून तो जाळून टाकता येतो. म्हणजे एक टन जाळा आणि ११,७०० क्रेडिट घ्या! स्वच्छ विकास यंत्रणेच्या नोंदवहीत पहिल्या क्रमांकावर नोंदलेला अर्ज हा गुजरातमधील अशाच एका कारखान्याचा होता. जगभर असे एकोणीस प्रकल्प नोंदले गेले. त्यांतले अकरा चीनचे आणि पाच भारताचे.

मायकेल वारा या अमेरिकी अभ्यासकाने २००७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात या व्यवहाराचे गणित मांडले. २०१२ पर्यंत या कारखान्यांना मिळणाऱ्या क्रेडिटची किंमत सुमारे ४.७ अब्ज युरो होणार होती. तोच वायू जाळण्याच्या भट्ट्या बसवायला आणि चालवायला खर्च येणार होता दहा कोटी युरोंहूनही कमी. काही कारखान्यांची क्रेडिटची कमाई मूळ मालाच्या कमाईपेक्षा जास्त झाली. मग कचऱ्यासाठी म्हणूनच माल जास्त बनवला जातो की काय, अशी शंका येऊ लागली. २०१० मध्ये पर्यावरण संस्थांनी तशी तक्रारही केली. अखेर युरोपने मे २०१३ पासून या क्रेडिटना दार बंद केले.

या प्रकरणाचा शेवट मला फार बोलका वाटतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये भारत सरकारने आपल्या कारखान्यांना आदेश दिला की हा उपवायू त्यांनी यापुढे स्वखर्चाने जाळावा. जे काम बाजारातून अब्जावधी देऊन करवून घेतले जात होते, ते एका आदेशाने होऊ शकत होते.

आता थोडे आपल्या घराजवळ येऊ. सातारा जिल्ह्यात पाटणजवळच्या वनकुसवडे पठारावर किंवा धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात गेलात तर डोंगरमाथ्यावर पवनचक्क्यांच्या रांगा दिसतात. भारतात स्वच्छ विकास यंत्रणेखाली सोळाशेहून अधिक प्रकल्प नोंदले गेले. त्यांत पवनऊर्जेचा वाटा मोठा होता आणि महाराष्ट्रातले अनेक प्रकल्पही होते. पवनचक्की ही चांगली गोष्ट, यात वाद नाही. पण क्रेडिट मिळण्यासाठी अट अशी होती, की 'क्रेडिटचे पैसे मिळाले नसते तर हा प्रकल्प उभाच राहिला नसता' हे सिद्ध करावे लागे. सगळ्या भरपाईच्या शास्त्राचा प्राण या एका वाक्यात आहे. जे होणारच होते त्यासाठी पैसे देऊन भरपाई होत नाही. तुमच्या शेजाऱ्याने स्वतःच्या घरासाठी विहीर खणायला घेतलीच आहे आणि तुम्ही त्याला चार पैसे देऊन 'ही विहीर मी गावासाठी खणवली' म्हणालात, तर गावात पाणी वाढत नाही.

पवनचक्क्या उभारणाऱ्या उद्योजकांना तेव्हा प्राप्तिकरात घसाऱ्याची घसघशीत सवलत होती. यंत्राच्या किमतीचा मोठा भाग पहिल्याच वर्षी उत्पन्नातून वजा करता येई. शिवाय वीज विकत घेण्याची हमी होती. मग क्रेडिट नसते तर त्या उभ्या राहिल्या नसत्या का? चार अर्थशास्त्रज्ञांनी भारतातील १,३५० पवनऊर्जा प्रकल्प तपासून २०२१ मध्ये निष्कर्ष मांडला: मंजूर झालेल्या क्रेडिटपैकी निदान ५२ टक्के क्रेडिट अशा प्रकल्पांना गेली, जे बहुधा तसेही उभे राहिलेच असते. त्या क्रेडिटच्या बळावर परदेशातल्या ज्या कारखान्यांनी जादा धूर सोडला, तो मात्र खराखुरा होता.

याच काळात दुसरी एक पेठ जोरात होती. तिथे कायद्याची सक्ती नव्हती, होती ती प्रतिमेची. २००५ मध्ये एचएसबीसी ही बँक आपण 'कार्बन न्यूट्रल' झाल्याचे जाहीर करणारी पहिली मोठी बँक ठरली. तिची निवडपद्धत पाहण्यासारखी आहे. तिने चार देशांतले चार प्रकल्प निवडले. न्यूझीलंडमधली पवनऊर्जा, ऑस्ट्रेलियात सेंद्रिय कचऱ्याचे खत, जर्मनीत शेणातल्या मिथेन वायूचा वापर आणि आपल्याकडे आंध्र प्रदेशात शेतीतल्या काडीकचऱ्यावर चालणारा वीजनिर्मिती प्रकल्प. एकूण १ लाख ७० हजार टन, टनाचा सरासरी भाव साधारण साडेचार डॉलर. निवड विचारपूर्वक होती. जागा वेगवेगळ्या, तंत्रे वेगवेगळी, म्हणजे एक प्रकल्प फसला तरी सगळे बुडू नये. जणू गुंतवणूकदाराने आपले पैसे चार ठिकाणी विभागून ठेवावेत तसे. पण हिशेबात धरले काय होते? बँकेच्या इमारतींची वीज आणि कर्मचाऱ्यांचा प्रवास. बँकेच्या कर्जातून उभ्या राहणाऱ्या कारखान्यांचा धूर त्यात नव्हता. गायीचा भाव नीट विचारला होता; पापाची यादी मात्र छोटी धरली होती.

प्रतिमेच्या पेठेतला सर्वांत गाजलेला किस्सा घडला आपल्या शेजारच्या कर्नाटकात. 'कोल्डप्ले' या ब्रिटिश बँडचा एक अल्बम २००२ मध्ये निघाला. त्याच्या निर्मितीत झालेल्या प्रदूषणाची भरपाई म्हणून लंडनच्या एका कंपनीमार्फत दहा हजार आंब्याची रोपे लावण्याचे जाहीर झाले. जागा होती गुडीबंडे, कोलारकडचा अवर्षणग्रस्त भाग. चाहत्यांनाही झाड दत्तक घेण्याचे आवाहन झाले. २००६ मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्राचा प्रतिनिधी तिथे पोहोचला तेव्हा पुष्कळशी रोपे वाळून गेलेली आढळली. गावकऱ्यांचे म्हणणे असे, की रोपे मिळाली, पण पाणी कुठून आणायचे ते कोणी सांगितले नाही. दुष्काळी भागात आंब्याचे रोप पहिली दोन-तीन वर्षे पाणी घालून जगवावे लागते, हे सोलापूर-साताऱ्याच्या माणदेशातले पोर सुद्धा सांगेल. निवडणाऱ्यांनी झाडाचे नाव निवडले, कारण आंबा म्हटले की इंग्लंडमधल्या माणसाला ते गोड वाटते. विहिरीला पाणी किती, हे विचारायचे राहून गेले.

झाडे लावण्याची अशी फजिती होऊ लागली तेव्हा कंपन्यांचा ओढा उभे असलेले जंगल राखण्याकडे वळला. त्याचाही आरंभ जुनाच. १९९०च्या दशकात दोन अमेरिकी वीजकंपन्या आणि बीपी ही तेलकंपनी यांनी एका निसर्गसंस्थेमार्फत बोलिव्हियातील नोएल केम्फ राष्ट्रीय उद्यानाचा विस्तार करायला पैसे दिले. लाकूडतोडीचे परवाने विकत घेऊन रद्द केले. सुरुवातीचा अंदाज होता की यातून पाच कोटी टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड वाचेल. पुढे फेरमोजणीत तो आकडा सुमारे ५८ लाखांवर आला. अडचण अशी, की वाचलेले जंगल मोजायचे तर 'आपण नसतो तर किती तुटले असते' हे आधी ठरवावे लागते. न घडलेली गोष्ट मोजायची! ती जितकी भयंकर रंगवाल तितकी क्रेडिट जास्त. शिवाय इथली तोड थांबली आणि लाकूडतोड्या पलीकडच्या रानात गेला, तर काय?

या धड्यानंतरही पुढच्या वीस वर्षांत जंगल राखण्याची क्रेडिट कंपन्यांची लाडकी झाली. स्वस्त होती आणि जाहिरातीत हिरवेगार छायाचित्र छापता येई. जानेवारी २०२३ मध्ये 'गार्डियन' आणि 'डी त्साइट' या वृत्तपत्रांनी 'सोर्समटेरियल' या शोधपत्रकारांच्या गटाबरोबर बातमी दिली, की 'वेरा' या सर्वांत मोठ्या प्रमाणक संस्थेने तपासलेल्या वर्षावनांच्या क्रेडिटपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक बहुधा पोकळ आहेत. वेराने हे निष्कर्ष आणि त्यामागची पद्धत, दोन्ही नाकारले. पण कंपन्या सावध झाल्या. ईझीजेट या विमान कंपनीने २०२२ मध्येच भरपाई बंद करण्याचे ठरवले होते, नेस्ले २०२३ मध्ये मागे फिरली. २०२४ मध्ये युरोपीय संघाने कायदाच केला, की निव्वळ अशा भरपाईच्या जोरावर एखाद्या वस्तूला 'कार्बन न्यूट्रल' म्हणता येणार नाही.

मग चोखंदळपणे निवड करता येतच नाही का? येते. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये जाहीर केले की कंपनी स्थापन झाल्यापासून, म्हणजे १९७५ पासून, विजेपोटी आणि थेट सोडलेला सगळा कार्बन २०५० पर्यंत हवेतून परत काढून घेऊ. तिने जगभरातून प्रस्ताव मागवले. १८९ आले. त्यांत मिळून १५ कोटी ४० लाख टनांचा देकार होता. कंपनीच्या तज्ज्ञांनी कसून छाननी केली. कार्बन खरोखर हवेतून काढला जातो का? किती वर्षे कोंडला जाईल? कोणी मोजणार? या कसोट्यांवर टिकले फक्त वीस लाख टन! शंभर टनांतले एक-दीड टन. सोन्याच्या पेढीवर शंभर दागिने यावेत आणि कसाला एक उतरावा, तशी ही गत. शिवाय हे खरे टन स्वस्त नाहीत. आइसलँडमध्ये २०२१ साली सुरू झालेले 'ओर्का' हे हवेतून थेट वायू शोषून खडकात पुरणारे यंत्र वर्षाला चार हजार टन काढेल अशा बेताने उभारले गेले. एईएसच्या दीड कोटी टनांपुढे हा आकडा ठेवून पाहावा.

आणि इतकी चोखंदळ निवड करणाऱ्या मायक्रोसॉफ्टनेच २०२४ च्या अहवालात कबूल केले, की २०२० च्या तुलनेत तिचे स्वतःचे उत्सर्जन सुमारे २९ टक्क्यांनी वाढले आहे. कारण संगणकांची प्रचंड केंद्रे, त्यांचे लोखंड, काँक्रीट आणि चिप्स. भरपाई कितीही सचोटीने निवडली तरी धूर वाढत असेल तर वही जुळत नाही.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. एईएसपासून आजपर्यंत कंपन्यांनी विचारलेले प्रश्न बदलत गेले. आधी 'कुठे झाड लवकर वाढेल', मग 'कुठे टन स्वस्त पडेल', मग 'कोणते चित्र शोभून दिसेल', आणि अलीकडे 'हे टिकेल का, मोजता येईल का'. हा प्रवास पुढचाच आहे, हे मान्य करायला हवे. पण एक प्रश्न या यादीत सतत उशिरा आला किंवा आलाच नाही. तो म्हणजे, ज्याच्या रानात हे प्रायश्चित्त करायचे त्याला काय हवे आहे?

आपल्याला हा प्रश्न दुरून पाहून चालणार नाही. भारत सरकारने २०२३ मध्ये कार्बन क्रेडिटच्या देशी बाजाराची योजना अधिसूचित केली. म्हणजे आता आपले कारखाने गिऱ्हाईक होतील आणि आपलीच गावे पुरवठादार. बांधावर झाडे लावा, कार्बनचे पैसे मिळतील, असे सांगणाऱ्या योजना महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांपर्यंतही येऊ लागल्या आहेत. त्या वाईटच असतील असे मुळीच नाही. नीट केल्या तर कोरडवाहू शेतकऱ्याला चार पैसे आणि थोडी सावली दोन्ही मिळतील. पण सही करण्यापूर्वी कागद वाचून घ्यावा. झाड किती वर्षे तोडायचे नाही? दुष्काळात ते मेले तर नुकसान कोणाचे? मुलीच्या लग्नाला किंवा घराच्या आढ्याला लाकूड लागले तर परवानगी कोणाची? टनाचा भाव काय आणि त्यातला शेतकऱ्याच्या हाती किती? आणि पहिली तीन वर्षे पाण्याचा टँकर आणावा लागला तर त्याचे पैसे कोण देणार? गुडीबंडेच्या गावकऱ्यांना हा शेवटचा प्रश्न कोणी विचारला असता, तर तिथे आज बहुधा आमराई उभी असती.